‘ॲपची कर्जं रद्द झाली’ हा मेसेज पुढे पाठवू नका

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर परवा काकूंनी एक मेसेज टाकला. हेतू चांगलाच होता, कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून. मजकूर थोडक्यात असा: ‘रिझर्व्ह बँकेच्या नव्या कायद्याने सर्व लोन ॲपची कर्जं रद्द. एक रुपयाही भरू नका. ॲप डिलीट करा, सिम तोडून टाका. पोलिसांत जाऊ नका, आधी कर्ज घेणाऱ्यालाच अटक होते. घरच्यांनाही सांगू नका, ते घाबरतात. आमची लीगल टीम फक्त २,९९९ रुपयांत सिबिल साफ करून ७ दिवसांत कर्जमुक्तीचं पत्र देईल.’ खाली एक मोबाइल नंबर.

काकूंना माहीत नव्हतं की हाच मेसेज दीड महिन्यापूर्वी माझ्या भाच्याला आला होता, त्याने तो अक्षरशः पाळला होता आणि २,९९९ रुपयेही भरले होते. मी बँकेच्या कर्ज विभागात २२ वर्षं काढली आहेत. तरी घरातल्या पोराचं कर्ज मला सगळ्यांत शेवटी कळलं, कारण ‘घरच्यांना सांगू नका’ हे त्याला पटलं होतं. म्हणून त्या वाक्यापासूनच सुरुवात करते. बाकीची वाक्यं खोटी आहेत, हे वाक्य तर माणसाला एकटं पाडणारं आहे.

भाचा सियागंजात एका दुकानात हिशेबाचं काम करतो. पगार १० तारखेला, मोबाइलचा हप्ता ५ तारखेला. त्या पाच दिवसांसाठी त्याने एक ॲप उतरवलं. स्क्रीनवर कर्ज ५,००० रुपये, खात्यात आले ३,१५०. उरलेले १,८५० ‘प्रोसेसिंग’ म्हणून आधीच कापले. सातव्या दिवशी परत द्यायचे पूर्ण ५,०००. म्हणजे ३,१५० रुपयांवर आठवड्याला १,८५०. सरळ व्याजाने धरलं तरी वर्षाला ३,००० टक्क्यांच्या वर जातं. आणि पैसे नसतील तर ‘एक्स्टेन्शन’ घ्या: १,८५० भरा, आणखी सात दिवस मिळतील, मुद्दल जागच्या जागी. त्याने चार वेळा घेतलं. ७,४०० रुपये गेले आणि ५,००० देणं तसंच उभं. ते भागवायला दुसरं ॲप, मग तिसरं.

आता या धंद्यात तारण काय असतं ते बघा. सोन्याच्या कर्जात बँक सोनं ठेवून घेते, घराच्या कर्जात घराचे कागद. यांच्याकडे ठेवून घ्यायला एकच वस्तू असते, तुमच्या फोनमधली नावं. ॲप उतरवताना आपण घाईघाईने ‘अलाउ’ दाबतो तेव्हा आई, सेठजी, जुने मास्तर, साखरपुडा ठरलेल्या मुलीचे वडील, सगळे त्यांच्या तिजोरीत जातात. हप्ता चुकला की केवायसीसाठी काढलेला सेल्फी उघड्या अंगावर चिकटवून याच लोकांना पाठवायची धमकी येते. कधी हप्त्याच्या आदल्या दिवशीच येते. पोरगं पैशाला घाबरत नाही, आईच्या फोनला घाबरतं.

मग ‘घरच्यांना सांगू नका’ हा सल्ला नेमका कुणाच्या कामाचा आहे? ज्या दिवशी आईला, सेठजींना, मास्तरांना सगळं आधीच माहीत असतं, त्या दिवशी ते तारण कवडीमोल होतं. आम्ही तेच केलं. एका रात्री वहिनी, मी आणि तो बसलो आणि त्याच्या फोनमधल्या प्रत्येक नावाला एकच संदेश पाठवला: ‘मी एका लोन ॲपच्या फसवणुकीत सापडलो आहे. माझ्या नावाने घाणेरडे फोटो, शिव्या किंवा कोर्टाचे कागद तुम्हाला येतील. ते खोटे आहेत. उत्तर देऊ नका, पैसे पाठवू नका. स्क्रीनशॉट काढून मला पाठवा आणि नंबर ब्लॉक करा.’ पाठवताना त्याचे हात थरथरत होते. दुसऱ्या दिवशी दुकानात फोन आला तेव्हा सेठजींनी ‘हमें सब पता है, थाने में नंबर दे दिया है’ एवढंच म्हणून ठेवून दिला. त्या नंबरवरून पुन्हा फोन आला नाही.

त्याआधीच्या रात्री तो झोपत नव्हता, जेवत नव्हता, आणि आम्ही ते उन्हाळ्यावर ढकलत होतो. तुमच्या घरात असं कुणी असेल तर आधी त्याच्याजवळ बसा, रागावणं नंतर. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर दिवसरात्र मोफत चालते. फोन करायला पूर्ण कोलमडायची वाट बघायची नसते.

‘पोलिसांत गेलात तर कर्ज घेणाऱ्यालाच अटक.’ साफ खोटं. पैसे परत करता न येणं हा आपल्या देशात गुन्हा नाही, ती दिवाणी बाब आहे. जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या १९८० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा झाल्यावरसुद्धा, ऋणको निव्वळ गरिबीमुळे फेडू शकत नसेल तर त्याला तुरुंगात टाकता येत नाही. तिथे ॲपवाल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या ‘वॉरंट’ची काय किंमत? एक अर्धं सत्य मात्र मला मान्य करावं लागेल, मनाविरुद्ध. दिलेला चेक वटला नाही, किंवा खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची जी मंजुरी आपण देतो ती पैशाअभावी परत गेली, तर फौजदारी तक्रार होऊ शकते. पहिल्याला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८, दुसऱ्याला पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५. पण त्यातही आधी लेखी नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. म्हणून लेखी नोटीस कधी फेकून देऊ नका, वकिलाला दाखवा. ‘दोन तासांत पोलीस घरी येतील’ असं त्यात काहीही नाही.

उलट गुन्हा केलाय तो समोरच्याने. फोटोची भीती घालून पैसे उकळणं ही खंडणी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. धमकीला कलम ३५१. अश्लील फोटो फिरवले तर माहिती तंत्रज्ञान कायदा वेगळा. आम्ही ठाण्यात गेलो तेव्हा पहिलं उत्तर मिळालं, ‘लेन-देन का मामला है, कोर्ट जाओ.’ असं उत्तर मिळालं की उठून येऊ नका. स्क्रीनशॉट, नंबर, यूपीआय आयडी, खात्याचा उतारा हे सगळं छापून न्या आणि सांगा की कर्जाची नाही, खंडणीची तक्रार द्यायची आहे. हद्दीचं कारणही चालत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. ठाण्यात जायच्याही आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. बनावट नग्न फोटोसाठी ‘स्टॉपएनसीआयआय’ ही मोफत सेवा आहे. फोटो तुमच्या फोनबाहेर जात नाही, फक्त त्याचा डिजिटल ठसा बनतो आणि सहभागी कंपन्या तो फोटो आपल्याकडे अडवतात.

आता ‘रिझर्व्ह बँकेने कर्जं रद्द केली.’ कुठल्या तारखेला, कुठल्या परिपत्रकाने? मेसेजमध्ये काहीच नाही, कारण असं परिपत्रकच नाही. जे आहे ते वेगळं आहे आणि जास्त कामाचं आहे. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ ला डिजिटल कर्जाचे नियम काढले आणि ८ मे २०२५ ला ते एकत्रित, सुधारित स्वरूपात आणले. त्यांप्रमाणे कर्जाचे पैसे बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या (बँक नसलेल्या नोंदणीकृत वित्तसंस्थेच्या) खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवेत आणि परतही थेट तिकडेच जायला हवेत, मध्ये तिसऱ्याचं खातं नको. सगळे आकार धरून वर्षाचा दर किती पडतो ते सांगणारा तथ्यपत्रक नावाचा कागद कर्जाआधी द्यावा लागतो. ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, कॉल-यादी, फोटो-फायली यांत शिरता येत नाही. किमान एक दिवस पश्चात्तापाची मुदत असते, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं.

ही यादी मी माफीसाठी देत नाहीये. ती गाळणी आहे. भाच्याची तिन्ही कर्जं आम्ही त्यातून काढली. दोन ॲपनी पैसे कुणा अनोळखी माणसाच्या यूपीआयवर मागितले होते, कॉन्टॅक्ट घेतले होते, मागे कुठल्याच बँकेचं नाव नव्हतं. तिसऱ्याकडे तथ्यपत्रक होतं आणि त्यावर नोंदणीकृत एनबीएफसीचं नाव. त्या मेसेजचा सगळ्यांत मोठा घोळ हाच आहे की तो दोघांना एकच औषध देतो. रिझर्व्ह बँकेच्याच कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात सांगितलं होतं की भारतीय अँड्रॉइड फोनसाठी ८१ ॲप-स्टोअरवर सुमारे १,१०० कर्ज-ॲप सापडली आणि त्यांतली जवळपास ६०० बेकायदा होती. म्हणजे निम्म्याहून जास्त वाईट, पण सगळी नाहीत. १ जुलै २०२५ पासून बँका आणि एनबीएफसी वापरत असलेल्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. नाव तिथे शोधा, आणि कागदावरच्या बँकेला किंवा एनबीएफसीला थेट विचारा की हे ॲप तुमचं का.

पहिल्या दोघांना आम्ही पुढे एक रुपया दिला नाही. हातात आलेल्यापेक्षा कितीतरी जास्त त्यांच्याकडे आधीच गेलं होतं, आणि भरणाऱ्याला ते सोडत नाहीत. भरलं की त्यांना कळतं, इथून अजून निघतं.

तिसऱ्याला मात्र द्यायचं होतं आणि दिलं. तिथे फोन ब्लॉक करणं हा वेडेपणा झाला असता. आम्ही तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केली: पगार इतका, हप्ता इतका झेपेल, मुदत वाढवा. वसुलीवाल्याचा रात्री ९ चा फोन आला होता, तोही लिहिला, कारण रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, आणि नातेवाइकांना, मित्रांना त्रास द्यायचा नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. मुदत वाढून मिळाली. पुढे वहिनींनी आपली बीसी, म्हणजे भिशी, दोन महिने आधी उचलली आणि खातं पूर्ण बंद केलं. थकबाकी नसल्याचं पत्र मागून घेतलं. हे पत्र धनको देतो, कुठलीही ‘लीगल टीम’ देऊ शकत नाही.

सिम तोडण्याबद्दल फार लिहीत नाही. त्याच नंबरवर बँकेचे ओटीपी येतात, आधार जोडलेलं असतं, आणि धमक्यांचा पुरावाही तिथेच असतो. ॲप काढा हे मात्र बरोबर आहे, पण क्रम चुकलाय. आधी कर्जाच्या पानाचे, धमक्यांचे, व्यवहारांचे स्क्रीनशॉट. मग सेटिंगमध्ये जाऊन त्याच्या सगळ्या परवानग्या बंद. बेकायदा ॲपसाठी यूपीआयमध्ये ऑटोपे चालू असेल तर ते रद्द. आणि मग ॲप काढा. आधी नेलेली नावं त्याने परत येत नाहीत, म्हणून तो सगळ्यांना पाठवायचा संदेश चुकवू नका.

राहिले ते २,९९९. बेकायदा ॲप सिबिलला, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, काही कळवूच शकत नाही. ते फक्त सभासद असलेल्या बँका आणि वित्तसंस्थांनाच जमतं. म्हणजे त्या दोन कर्जांसाठी साफ करायला काही नव्हतंच. तिसऱ्याची नोंद खरी होती, आणि खरी नोंद पैसे घेऊन कुणालाही पुसता येत नाही. चुकीची असेल तर सिबिलकडे स्वतः तक्रार करता येते, फुकट, आणि आपला पूर्ण अहवालही सिबिलसारख्या प्रत्येक संस्थेकडून वर्षात एकदा फुकट मिळतो. कमी पैशांत मिटवून ‘सेटल्ड’ शिक्का घेणाऱ्यांनी हे धरून चालावं की तो शिक्का पुढच्या कर्जाच्या वेळी नडतो. जमत असेल तर पूर्ण भरून ‘क्लोज्ड’ घ्या. भाच्याला २,९९९ च्या बदल्यात अशोकस्तंभ छापलेली एक पीडीएफ मिळाली. आणि त्यांच्याकडे गेली त्याच्या आधार-पॅनची छायाचित्रं. त्यानंतर दोनच दिवसांनी त्याला नव्या ॲपांचे फोन सुरू झाले. तक्रारीत आम्ही मेसेजखालचा तो नंबरही दिला आहे.

काकूंनी ग्रुपवरचा मेसेज काढला. पण त्यांनी तो आणखी तीन ग्रुपवर टाकला होता, एक भजनी मंडळाचा, दोन सुदामानगरचे. तिथे आज त्या स्वतः फोन करून सांगताहेत. तुमच्याकडे तो आला असेल तर ज्याने पाठवला त्याला आणि ज्यांना तुम्ही पाठवलात त्यांना कळवा. त्यांच्यातल्या एखाद्याने त्या नंबरवर पैसे भरले असतील तर त्याला आजच, आत्ताच १९३० लावायला सांगा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवता येतात.