पाचवी नदी कुठाय?

निसर्ग फुकट असतो असं म्हणणाऱ्याला लहान पोरं नसावीत. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीला नद्यांच्या संगमावर जायचं, तासभर बसायचं आणि परत यायचं, एवढाच आमचा बेत. पण निघताना स्कूटरच्या हुकाला जी पिशवी लटकली, तीत पाण्याच्या बाटल्या, भडंग, बदलायचे कपडे, टॉवेल आणि धाकटीचा एक कान तुटलेला ससा होता. सशाला नदी बघायची होती म्हणे.

शिवाजी पूल ओलांडला आणि पुढं उसाचा ट्रॅक्टर आला. गळिताचा हंगाम. मागं दोन ट्रॉल्या, त्यावर आभाळाला टेकलेला ऊस, आणि टेपचा आवाज असा की संगमावरचे पक्षी ऐकूनच रजेवर गेले असणार. मला पुढं काढायची होती, पोरांना नको होती. "पप्पा, ह्याच्या मागनंच चला की!" बाहेर लोंबणाऱ्या कांड्यावर थोरल्याचा डोळा होता. तेवढ्यात एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "अहो, जरा हळू."

काठावर सावली बघून बसलो. मी घसा साफ केला. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येतात, त्यांची पंचगंगा होते, ती पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, असं अगदी रसाळपणे सांगितलं. थोरला बोटं मोजत होता.

"चारच झाल्या."

"पाचवी सरस्वती. ती गुप्त आहे."

"म्हंजे?"

"दिसत नाही."

"मग मोजली कुणी?"

मी भडंगाची पिशवी फोडली. अशा वेळी बापाच्या हातात खायला काहीतरी असावं लागतं.

भडंग संपेपर्यंत शांतता होती. तेवढ्यात पाण्याच्या कडेला एक ढोकरी दिसली. ही बसली की चिखलाच्याच रंगाची असते, मान आखडून घेते आणि हलत म्हणून नाही. मी धाकटीला मांडीवर घेऊन बोटानं दाखवली. ती बराच वेळ बघून म्हणाली, "तो दगड आहे." पक्षी आहे म्हटलं. "दगडच आहे," असं म्हणून तिनं खात्री करायला खरा दगड मारला. ढोकरी उडाली, आणि उडताना तिचे पांढरेशुभ्र पंख उघडले. काय देखणं दिसतं ते! पण धाकटीनं तोवर मान वळवली होती, कारण पलीकडं एक माणूस म्हशी धूत होता. नारळाच्या शेंडीनं पाठ घासून घेणाऱ्या म्हशीच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते आमच्या घरात रविवारीसुद्धा कुणाच्या तोंडावर दिसत नाही. मी म्हटलं, तो बघ खंड्या, निळा निळा. धाकटी म्हणाली, "म्हशीला साबण नाही लावत?" खंड्यानं सूर मारला, मासा घेतला, गेला. बघणारा मी एकटा.

मग थोरला कुठं दिसेना. बायकोचा आवाज वर चढला, मी पळालो, तर हा काठावरच्या मळ्याच्या कडेला गुडघे टेकून बसलेला. शेतीपंपाचा पाइप गळत होता आणि त्यातून बारीकशी धार नदीकडं चालली होती. "पप्पा, सापडली! पाचवी!" दोन्ही हातांनी माती उकरून त्यानं सरस्वतीला वाट करून दिली होती. धाकटी मदतीला धावली. ससाही उतरला.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पुराची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे पावसाळ्यात कोल्हापूरच्या माणसाला झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगता येतं. त्या हिशेबानं धाकटीच्या फ्रॉकवर चिखल इशारा पातळीला टेकला होता. थोरल्यानं धोका पातळी कधीच ओलांडली होती. २०१९ ला बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. सशाची अवस्था साधारण तशी. बदलायचे कपडे काढले, तर धाकटीनं चिखलाच्या हातांनी तेच आधी मिठीत घेतले.

परतीला स्कूटरवर कुणी कुणाला धरायचं हा प्रश्नच नव्हता. सगळे चिकटूनच होतो.

दारात आई उभी. संक्रांत झाल्यापासून ती मला प्रयागला स्नानाला न्यायला सांगत होती आणि मी ऑफिसचं कारण पुढं करत होतो. तिनं पोरांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काय रे, काय बघितलंस?"

"आजी, पाचवी नदी सापडली. मोटरच्या पाइपातनं येते."

"सरस्वती? मग अंघोळ केलीस का तिच्यात?"

"केली की! हिनंपण केली. सशानंपण केली."

आईनं हात जोडले आणि माझ्याकडं वळली. "बघ. पोरं पुण्य करून आली. तू तेवढा कोरडाच आलास व्हय रे?"