बसतो ना? मग झालं!

ऑटोमॅटिक गाडीचा रेडिएटर फुटलाय आणि चतुर्थी आठवड्यावर आलीय? उगाच जास्त पैसे घालवू नका. म्हापशात पार्ट्सच्या दुकानात जा, गाडीचं मॉडेल आणि साल सांगा. गिअरबॉक्सचं मात्र बोलू नका. सोयरीक जमवताना घरातलं सगळंच कुठे सांगतो आपण?

दुकानदार मॅन्युअलवाला रेडिएटर काढून देईल. तीच अ‍ॅल्युमिनियमची जाळी, त्याच प्लॅस्टिकच्या टाक्या, पंख्याची भोकंसुद्धा जुळणारी. फक्त जुन्याच्या टाकीला बोटाएवढ्या दोन नळ्या होत्या, त्या याला नाहीत. मेकॅनिक त्या गुळगुळीत जागेवर अंगठा फिरवून तुमच्याकडे बघेल. तुम्ही म्हणायचं, "बसतो ना? मग झालं!"

त्या नळ्यांच्या मागे, टाकीच्या पोटात, एक छोटा कूलर असतो. इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घुसळून तापलेलं तांबडं तेल त्यातून फिरतं, भोवतीच्या कूलंटला उष्णता देतं आणि निवून गिअरबॉक्समध्ये परततं. कंपनीवाल्यांना एकेक चैनी सुचतात!

आता गाडीखाली दोन पाइप लोंबत राहतील, टोकाला तांबडा थेंब. एकाचं टोक दुसऱ्याला जोडा, क्लिपा आवळा. तेल एका दाराने कढत बाहेर पडेल आणि दुसऱ्या दाराने कढतच आत शिरेल. दोन्ही पाइपांना बूच मारून तेलाची वाटच बंद करता येते, पण ते फार घाई असलेल्यांसाठी. "वेगळा ऑइल कूलर लावून पाइप त्याला जोडले तर हाच रेडिएटर चालेल," असं मेकॅनिक पुटपुटेल. त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

शेजाऱ्याचा दाखला तयार ठेवा. त्याच्याही गाडीला क्लचचं पेडल नाही आणि त्याने साधाच रेडिएटर घातलाय. त्याची एएमटी आहे, म्हणजे आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच आणि क्लच तेवढा यंत्र दाबतं, असल्या तपशिलात शिरायचं नाही. पेडलं दोनच ना? मग ऑटोमॅटिकच.

मॅन्युअल गाडीवाल्यांनी हिरमुसू नये. त्यांना चुकून ऑटोमॅटिकचा रेडिएटर मिळाला आणि बाकी मापं जुळली, तर दोन रिकाम्या नळ्यांना टोप्या घालून गाडी वर्षानुवर्षं सुखाने चालते. या चुकीबद्दल मात्र दुकानदाराशी कडाडून भांडावं.

तुमचे पहिले चार दिवस झकास जातील. म्हापसा-पणजी, पणजी-म्हापसा, तापमानाची सुई मधोमध. ती सुई कूलंटची. गिअरबॉक्सच्या तेलाला सुई नाही, म्हणजे काळजीही नाही. पाचव्या दिवशी सासूबाई, मुलं आणि रिकाम्या पिशव्या घेऊन चतुर्थीच्या खरेदीला बेळगावला निघा. केरी सोडून चोर्ला घाट चढू लागलात की तिसऱ्या-चौथ्या वळणावर इंजिन ओरडेल आणि गाडी जागची हलणार नाही. करपट वास येईल. सासूबाई म्हणतील, कुणाचं तरी दूध उतू गेलं वाटतं.

टोइंगवाला येईपर्यंत दुकानदाराला फोन करून झाडा. तो शांतपणे विचारेल, "बाब, रेडिएटर गळतो?"

खाली वाकून बघा. खरंच, थेंबभरही गळत नाही.