पक्ष्यांना वास येतो, समुद्रपक्ष्यांना तर फारच

‘पक्ष्यांना वास येत नाही. नाकपुड्या श्वासापुरत्या, मेंदूत गंधाचा भाग नावाला. समुद्रपक्षी नजरेनंच अन्न शोधतात आणि आवाजावरून जोडीदार ओळखतात.’ हा मजकूर पुन्हा फिरतोय, आणि तो वाचून राहवत नाही.

मेंदूचं आधी. १९६८ साली बेट्सी बँग आणि स्टॅन्ली कॉब या संशोधकांनी १०८ जातींच्या पक्ष्यांचे घ्राणपिंड, म्हणजे मेंदूतले वास ओळखणारे भाग, मोजले. छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांत ते खरोखर इवलेसे निघाले. पण अंटार्क्टिकच्या हिमपेट्रेल या समुद्रपक्ष्यामध्ये त्यांची लांबी मोठ्या मेंदूच्या लांबीच्या ३७ टक्के भरली. याला नावापुरतं कोण म्हणेल?

अन्नाचं म्हणाल, तर क्रिल हा कोळंबीसारखा छोटा जीव शैवालप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, खातो तेव्हा फुटलेल्या पेशींमधून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. काही पेट्रेल या वासाच्या मागावर येतात, हे संशोधक गॅब्रिएल नेव्हिट यांनी १९९५ मध्ये दाखवलं. भटका अल्बट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी वास लागला की वाऱ्याच्या उलट दिशेनं नागमोडी उडत जातो. नजर लागतेच, पण बरेचदा शेवटच्या टप्प्यावर.

आता जोडीदार. माझ्या मते मजकुरातली सर्वांत मोठी चूक इथे आहे. अंटार्क्टिक प्रायन हा पेट्रेलच्याच कुळातला छोटा समुद्रपक्षी रात्री, शिकारी स्कुआ पक्ष्यांना चुकवत, जमिनीतल्या काळोख्या बिळात परततो. हिंदी महासागराच्या दक्षिणेकडच्या केर्गेलेन बेटांवर संशोधक फ्रान्चेस्को बोनादोना आणि नेव्हिट यांनी या पक्ष्यांना इंग्रजी ‘वाय’ आकाराच्या नळीत सोडलं: एका फाट्यात जोडीदाराचा वास, दुसऱ्यात परक्या प्रायनचा. बहुतेक पक्षी जोडीदाराच्या वासाकडे वळले. स्वतःचा वास आणि परक्याचा वास अशी निवड दिली, तेव्हा मात्र त्यांनी स्वतःचा टाळला. म्हणजे तिथे प्रत्येक पक्ष्याचा वास वेगळा आहे, आणि तो वाचलाही जातो. आवाज निरुपयोगी आहे असं नव्हे; एकटा आवाज पुरतो, हे खोटं.

तुरेवाल्या ऑकलेट या समुद्रपक्ष्याच्या पिसांना तर विणीच्या हंगामात चक्क संत्र्यासारखा वास येतो, आणि प्रणय करताना दोघं एकमेकांच्या मानेच्या पिसांत चोच खुपसतात.

‘वास येवो न येवो, काय फरक पडतो?’ असंही कुणी विचारेल. पडतो. समुद्रात काही आठवडे तरंगलेल्या प्लॅस्टिकवर शेवाळ चढतं आणि त्यालाही तोच डायमिथाइल सल्फाइडचा वास येऊ लागतो, हे २०१६ मध्ये दिसून आलं. पेट्रेलच्या पोटात प्लॅस्टिक कसं जातं हे शोधताना नुसता त्याचा रंग आणि आकार बघत बसलो, तर नाकातून शिरणारं हे कारण आपल्या हातून निसटेल.