बुडत्याचा पाय री-बायात

साधी पोकर टूर्नामेंट मनाने दयाळू असते. चिप्स संपल्या की ती तुम्हाला उठवते आणि विषय संपतो. री-बाय टूर्नामेंटच्या अंगात ही माया नाही. ती म्हणते, "बसा हो, अजून पाऊण तास आहे!" आणि बुडता माणूस पत्त्यांआधी पाकीट चाचपतो.

नियम तसे सोपे. पहिला तासभर, किंवा ठरलेल्या लेव्हल, म्हणजे खेळाचे टप्पे, संपेपर्यंत, तुमच्या चिप्स सुरुवातीला मिळालेल्या स्टॅकइतक्या किंवा त्याहून कमी असल्या की पुन्हा फी भरून नव्या घेता येतात. हा री-बाय. मुदत संपताना अ‍ॅड-ऑन, म्हणजे पैसे भरून जादा चिप्सचा एक हप्ता, मिळतो. तो एकदाच, पण बहुधा सगळ्यांना, पुढ्यात ढीग असला तरी. री-बाय अमर्याद आहेत की एक-दोनच, हे बसण्याआधी विचारून घ्यावं. ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावून, हरल्यावर विचारणाऱ्याच्या आवाजात फार कारुण्य असतं.

जाहिरातीतल्या फीवर मी विश्वास ठेवत नाही. एक एंट्री, दोन री-बाय आणि एक अ‍ॅड-ऑन, म्हणजे फीच्या चौपट, ही माझ्या लेखी खरी किंमत. चौपट झेपत नसेल तर चौथाई फीची टूर्नामेंट शोधावी. एकाच फीवर आलेला माणूस पहिला तास चिप्सना पदराखाली घेऊन बसतो, आणि शेजारचे त्याच्या ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी पाळीने लावायच्या सक्तीच्या पैजा, निवांतपणे उचलत राहतात.

पहिला री-बाय मी हरण्याची वाट न पाहता, बसताक्षणीच घ्यावा या मताचा आहे. १५०० चिप्सची सुरुवात असेल तर तुम्ही मुळातच '१५०० किंवा कमी'च्या नियमात बसता; लगेच ३००० करून घ्या. एक्क्यांची जोडी आली आणि समोरच्याकडेही ३००० असले, तर सगळे ओढता येतात. मात्र टेबलावर बाकी सगळे १५०० वरच असतील तर जादा चिप्स शोभेच्या. समोरच्याकडे जेवढ्या आहेत, तेवढ्याच तुम्ही त्याच्याकडून जिंकू शकता.

आता टेबलावरचे महापुरुष. एक जण पत्ते न बघताच ऑल-इन म्हणतो. दुसरा "बघू तरी" म्हणून कॉल करतो, म्हणजे तेवढंच लावतो, तिसरा दोघांनी केलं म्हणून, आणि चौथ्याला री-बाय घ्यायचाच असतो. इथे ब्लफ करणं (हलक्या पत्त्यांवर मोठी पैज लावणं) म्हणजे बहिऱ्याला टोमणा मारणं. फोल्ड करून पत्ते टाकतच नाही कोणी, मग घाबरवणार कोणाला? चांगला हात घ्या, मोठा रेझ करा, म्हणजे पैज वाढवा, आणि गर्दी पांगवा. दोन एक्के एका कोणत्याही हातासमोर सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात. पण असे चार जण सोबत आले तर ५६ टक्क्यांवर येतात, आणि पाच आले तर निम्म्याच्याही किंचित खाली. हरल्यावर नशिबाला बोल लावायची पद्धत आहे, पण पाच जणांना स्वस्तात आत घेतलं होतं आपणच.

छोट्या जोडीचं उलट. तिच्यासाठी गर्दी बरी, प्रवेश मात्र स्वस्त हवा. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत, जोडीचं तिसरं पान साधारण साडेआठ वेळांत एकदा लागतं; बाकी वेळा मुकाट्याने पत्ते टाकायचे.

खरं घोडं पेंड खातं ते मुदतीच्या शेवटच्या पाच मिनिटांत. चिप्स संपल्यात, मन म्हणतं, "एवढे घातलेच आहेत, तर..." घातलेले गेले, ते परत आणायची सोय नियमात नाही. हिशेब पुढचाच करायचा, आणि री-बाय व अ‍ॅड-ऑन एकत्र धरून. ब्लाइंड ७५/१५० (छोटा आणि मोठा, म्हणजे बिग) आहेत, री-बायला १५०० आणि अ‍ॅड-ऑनला तेवढ्याच पैशांत २००० मिळतात, तर दोन फीमध्ये ३५००, म्हणजे तेवीस बिग ब्लाइंड. खेळता येतं. तेच ब्लाइंड २००/४०० झाले असतील तर हाती नऊसुद्धा येत नाहीत. खुशाल उठावं.

अ‍ॅड-ऑनचं एवढंच: वरच्या भावात त्याची चिप २५ टक्के स्वस्त पडते, म्हणून जवळजवळ नेहमी घ्यावा. पुढ्यात २०,००० असतील तर तो दहा टक्क्यांचीच भर घालतो. तेव्हा नाही घेतला तरी चालतं.

री-बायची मुदत संपून ब्रेक झाला की टेबलाचा धर्म बदलतो. मघाचा महापुरुष आता राजा-राणी धरूनही गहन चिंतनात जातो, कारण यापुढे हरलं की घर. ब्लाइंड चोरायची वेळ हीच, विशेषतः डीलरच्या बटणावरून, म्हणजे शेवटी बोलायच्या जागेवरून. स्वतःकडे दहा बिग ब्लाइंडच्या आत उरले की बारीक रेझ बंद: ऑल-इन किंवा फोल्ड.

चौपट गुंतवलेल्याला शेवटच्या बक्षिसात फीच्या दुप्पट मिळते, टाळ्या पडतात, आणि तो निम्म्या तोट्यात हसत उभा असतो. मोठा पैसा पहिल्या दोन-तीन क्रमांकांतच असतो, म्हणून बक्षिसाच्या उंबरठ्यावर सगळे श्वास रोखून बसले की मी रेझ करण्याच्या बाजूचा आहे. जिंकलेल्याला री-बाय किती झाले हे मात्र विचारू नये. उत्तर 'एकच' असतं, आणि चिप्स विकणारा तेव्हा दुसरीकडे बघत असतो.