एसीतला गॅस ‘उडून’ जात नाही, भाऊ

मार्च लागला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला आमच्या हिंगणघाटातल्याच चार गिऱ्हाइकांनी पाठवला. एकाने खाली जोडलं होतं, ‘म्हणून म्हणतो जी, गॅस टाकून द्या.’ मजकूर थोडक्यात असा: वर्षभरात एसीतला गॅस उडतो, म्हणून उन्हाळ्याआधी दरवर्षी भरावाच, खोली लवकर थंड करायला रिमोट १६ वर ठेवा, पारा ४५ च्या वर गेला की आउटडोअर, म्हणजे घराबाहेर लावलेलं युनिट, फुटू शकतं, खोली लहान असली तरी एसी दोन टनांचाच घ्या, आणि कूलर असेल तर दारं-खिडक्या लावून टाकीत बर्फ नि खडे मीठ टाका.

मी एकोणीस वर्षं एसी-कूलर दुरुस्तीची कामं करतो. यातल्या पहिल्या वाक्यावर माझ्यासारख्यांचे अर्धे उन्हाळे निघतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. घरातल्या कॉइलमध्ये उष्णता घेतो, बाहेरच्या कॉइलमध्ये सोडतो, परत येतो. यंत्र पंधरा वर्षं चाललं तरी तोच. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, दुसरं कारण नाही. आणि गळती तशीच ठेवून वरून गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

गेल्या मे महिन्यात एका निवृत्त मास्तरांकडे गेलो. तीन उन्हाळे, तीनदा गॅस, दर खेपेला अडीच हजार. आउटडोअरजवळच्या पाइपावरची काळी फोमची नळी मागे सारली, तर पितळी नटाभोवती तेलकट काळा डाग. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं. ते जिथे पाझरलं तिथूनच गॅसही जातो. साबणाचा फेस लावला. बुडबुडे हळूहळू फुगत होते, म्हणजे भरलेला गॅस एका उन्हाळ्यापुरता पुरेल एवढी गळती. पाइपाचं तोंड कापलं, ते फुलवून नवी फ्लेअर काढली, नट बसवला. गंमत अशी की गॅस भरायची जागा त्या नटापासून चार बोटांवर आहे. तीन मेकॅनिक येऊन गेले, कोणी फेस लावून पाहिला नव्हता. मला त्यांना नावं ठेवता येत नाहीत. पहिली काही वर्षं मीही प्रेशर मोजायचा गेज लावायचो, थोडा गॅस सोडायचो आणि पैसे घेऊन निघायचो.

कोणी ‘गॅस संपला’ म्हणालं तर त्याला विचारा, गळती कुठे आहे? ती सापडून बंद झाल्यावर नायट्रोजनचं प्रेशर देऊन तपासणी, मग नळ्यांतली हवा ओढायला व्हॅक्यूम पंप, आणि शेवटी वजनकाट्यावर मोजून गॅस. किती ग्रॅम, ते आउटडोअरच्या पट्टीवर छापलेलं असतं. कोणता गॅस, तेही. जुन्या यंत्रांत आर-२२ असायचा, आता बहुतेकांत आर-३२ असतो आणि त्याचं प्रेशर दीडपटीहून जास्त. जुन्या सवयीने गेजच्या काट्यावर अंदाज बांधणाऱ्याचा इथे घोटाळा होतो.

रिमोट १६ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एक तर चालू असतो नाही तर बंद. १६ ला तो काही जास्त जोर लावत नाही. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर वेग कमी-जास्त करतो, पण खोली तापलेली असली की तोसुद्धा २४ ला पूर्ण ताकदीने पळतो. फरक पुढे पडतो: बाहेर ४४ असताना आमच्या स्लॅबखाली १६ कधी येतच नाही, म्हणून यंत्राला विसावा नाही. १ जानेवारी २०२० पासून स्टारवाले एसी २४ वर लावूनच यावेत असा नियम आहे. दर अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो.

आउटडोअर फुटण्याची भीती उन्हापायी नको. तापणं हे त्याचं रोजचंच काम. आर-३२ थोडाफार पेट घेतो आणि काही कंपन्यांचा आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन, हे मात्र खरं. पण धोका मे महिन्याचा नाही, आतला गॅस न काढता नळ्या जोडायला ज्योत पेटवणाऱ्याचा आहे. त्याहून वाईट म्हणजे नायट्रोजन नाही म्हणून वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन भरून प्रेशर तपासणं. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. हा मेसेज वाचून काहींनी आउटडोअरवर ताडपत्री बांधली आहे. ती आजच सोडा. वर सावली चालेल, पण हवा कोंडली की यंत्र बसलंच.

दोन टनांबद्दल फार बोलत नाही. दहा बाय दहाच्या खोलीला ते दुकानदाराच्या फायद्याचं. वरचा मजला तापत असेल तर आधी स्लॅबवर चुन्याचे दोन हात द्या, मग एसी बघा.

कूलरची गोष्ट वेगळी. तो आमच्या कोरड्या हवेचा राजा आहे. त्याचा गारवा पाणी वाफ होण्यातून येतो. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता ओढून घेतं, तेवढी घ्यायला सात किलो बर्फ वितळावा लागतो. मे महिन्याच्या दुपारी मोठा कूलर तासाला आठ-दहा लिटर सहज पितो. पाच किलोची लादी टाकली तर तिचा गारवा पाचेक मिनिटांचा. दारं-खिडक्या लावल्या की दमट हवा कोंडते, वाळ्याच्या ताट्या ओल्या राहतात आणि पाणी उडायचं थांबतं. समोरची खिडकी उघडी हवीच.

मिठाचं मात्र रागावून सांगतो. मिठाने थंडावा वाढत नाही, पत्र्याची टाकी सडते, आणि खाऱ्या पाण्यातून करंट अधिक सहज वाहतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. अर्थिंग नसेल तर मिठाआधी वायरमन बोलवा, आणि पाणी भरताना पिन काढा.

तो ‘गॅस टाकून द्या’वाला? त्याच्याकडे परवा जाऊन आलो. घर कापसाच्या जिनिंग मिलला लागून. इनडोअर उघडलं तर कॉइलवर कापसाच्या तंतूंची गोधडी. पाण्याने धुतलं, फिल्टर उन्हात टाकले, वीस मिनिटांत हवा गार. पाचशे रुपये सांगितले, तर माझ्याकडे बघतच राहिला.

‘गॅस तं टाकलाच नाही जी. मंग पैसे कायचे?’