सरळ मानेचा माणूस

एका सकाळी दूधवाल्याने डावीकडून हाक मारली आणि मी मान न वळवता अख्खाच वळलो, तेव्हा माझी मान धरली असल्याचे घरात एकमताने ठरले. दोन दिवस शेकूनही फरक पडेना, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडात धरून ‘तुमची मान सरळ झाली आहे’ असे गंभीरपणे सांगितले, आणि शाळेत मास्तरांनी ‘ताठ बस’ म्हणून डोके फोडूनही जे साधले नव्हते ते आपोआप साधले की काय, असे मला वाटून गेले. पण मानेच्या सात मणक्यांना मुळात एक कमान असते, आणि माझे स्नायू आखडून ती सपाट झाली होती. डोके साधारण पाच किलोचे असते (माझ्या बाबतीत घरच्यांना हा आकडा फुगवलेला वाटतो), पण ते पुढे कलंडले की मानेवरचा भार कितीतरी वाढतो. हे पटवायला डॉक्टरांनी टेबलावरचा पेपरवेट मला आधी छातीशी आणि मग हात लांब करून धरायला लावला. मिनिटभरात मी शरण गेलो.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, म्हणून लॅपटॉप नऊ दिवाळी अंकांवर चढवला. त्यामुळे आकाशकंदील टांगताना उचलावेत तसे हात उचलून टंकलेखन करावे लागले, खांदे भरून आले आणि वेगळा कीबोर्ड आणावा लागला. शिवाय सौभाग्यवतींना नेमका तळाचाच अंक वाचायचा असतो.

खरी पंचाईत व्यायामाची झाली. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढायची आणि पाच सेकंद धरायची, असे दिवसातून अनेकदा करायचे होते. सोसायटीच्या सभेत खजिनदार पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा खर्च वाचत असताना मला व्यायामाची आठवण झाली. माझी हनुवटी मागे गेलेली पाहून ते थांबले, त्यांनी तोच आकडा पुन्हा, जरा हळू वाचला. मी दुसऱ्यांदा हनुवटी ओढली, तेव्हा त्यांना घाम फुटला आणि बेरीज चुकल्याचे त्यांनी आपणहून कबूल केले. आता तीन वर्षांच्या हिशेबाच्या वह्या तपासायला सर्वानुमते माझ्याकडे आल्या आहेत, आणि खजिनदारांचे अक्षर मुंगीएवढे असल्यामुळे मी त्या मान खाली घालून वाचतो आहे.