टॅग त्याचा, बंदूक त्याची, पाठ माझी

खांद्यांवर सॅकच्या पट्ट्यांचे वळ अजून आहेत आणि राग त्याहून ताजा आहे, म्हणून आत्ताच लिहून टाकतो. मी डोंबिवलीचा, सध्या मुक्काम कोलोरॅडो. पार्टनर कोल्हापूरचा, इथे मुरून मुरून सिटिझन झालेला, आणि त्याला म्यूल डिअर या इथल्या हरणाच्या शिकारीचं खूळ. चांगल्या भागातला टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, इथे लॉटरीने मिळतो, नंबर नाही लागला तर पुढच्या वेळेसाठी एक पॉइंट देतात, असे पॉइंट साठवत साठवत साहेबांना यंदा गनिसनकडचा टॅग लागला. मला म्हणाला, "काय नाय लगा, ट्रेकिंगच हाय, तू नुसता सोबतीला चल."

आईला फोनवर सांगितलं तर ती आधी काळविटाच्या केसवर गेली. वीस-वीस वर्षं कोर्टात हेलपाटे घालतात रे लोकं, तुला कोण सोडवणार? म्हटलं अगं आपल्याकडे १९७२ चा कायदा आहे, इथे लायसन्स असतं, सीझन असतो, सूर्योदयाच्या आधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढीच परवानगी, सगळं नियमात. ती म्हणाली, "म्हणजे तिकडे टाइमटेबल लावून मारतात होय!" यावर काय बोलणार.

पार्टनरचं म्हणणं असं की शिकार त्याच्या रक्तातच आहे, कारण कोल्हापूरच्या महाराजांनी काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले होते आणि दाजीपूरचं जंगल त्यांचं शिकारीचं राखीव होतं. याचे आजोबा तलाठी होते, पण ते असो. मारलेली काळविटं घरापर्यंत कोण वाहून आणायचं, हे मात्र या इतिहासात कधी आलं नाही आणि मीही तेव्हा विचारलं नाही.

नियमांवरून आठवलं. रायफलच्या सीझनला कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच फ्लोरोसंट केशरी घालावं लागतं, शिवाय टोपी, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याने तुम्हाला हरीण समजू नये. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्यामुळे त्याची काही तक्रार नसते. २०१६ पासून गुलाबीही चालतो. सेलमध्ये गुलाबी जॅकेट निम्म्या किमतीत होतं, मी डोंबिवलीचा, घेतलं. पार्टनर सगळा रस्ता माझ्यापासून दहा पावलं पुढे चालत होता.

शिकारीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. थंडीत दगडावर बसून तासन् तास दुर्बिणीतून समोरचा उतार बघायचा, त्याला ग्लासिंग म्हणतात, मी त्याला सर्दी म्हणतो. शेवटी एक नर उठला, चारही पाय एकदम उचलून टणाटण उड्या मारत चढावर गेला आणि वर जाऊन मागे वळून बघत थांबला. या जातीला ती खोडच आहे म्हणे. तिथेच संपलं. मग सोलणं, तुकडे, कापडी पिशव्या. वाटणी पार्टनरने केली. त्याच्याकडे पुढच्या तंगड्या, पाठीचं मऊ मटण म्हणजे बॅकस्ट्रॅप, आणि शिंगांसकट डोकं. माझ्याकडे मागच्या दोन तंगड्या, हाडासकट. हरणाचं खरं वजन मागच्या तंगड्यांत असतं हे मला चढ लागल्यावर कळलं. कळसूबाई ५४०० फूट, इथे गाडीचं पार्किंगच त्याच्या बरंच वर.

तर त्या पार्किंगमध्ये एक आजोबा बसले होते. फोल्डिंगची खुर्ची, थर्मास, पिकअपमध्ये झोपलेलं कुत्रं. स्वतः शिकारीला जात नाहीत, कंबर गेली, पण सीझनला इथे येऊन बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा माल तपासतात. पार्टनरच्या सॅकवरची शिंगं दिसल्याबरोबर त्यांनी खिशातून टेप काढली. एका बाजूला चार टोकं, दुसऱ्या बाजूला तीन की चार, यावर दोघांचा असा वाद रंगला की मी सॅक उतरवू का हे विचारायलाही फट मिळेना. उतरवली तर परत चढवता येणार नाही म्हणून तसाच उभा.

मग आजोबा म्हणाले, "पुरावा?"

इथे नर मारला तर तो नर असल्याचा पुरावा मटणाला जन्मजात चिकटलेला असेल तसाच ठेवावा लागतो, कापून वेगळा खिशात टाकून चालत नाही. डोकं धडावेगळं झालेलं, त्यामुळे तो पुरावा माझ्या सॅकमधल्या डाव्या तंगडीला होता. पार्टनरने माझ्याकडे बोट दाखवलं. मी वळलो, वाकलो, आजोबांनी चेन उघडून चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाले, "व्हेरी गुड." गुलाबी जॅकेटमधला, ओणवा, कॉम्प्युटर इंजिनिअर.

हे कायद्याने विचारायचा अधिकार वन्यजीव खात्याच्या माणसाला असतो. आजोबा रिटायर्ड प्लंबर निघाले.

मग बैलबाजारात बघतात तसं त्यांनी मला एक फेरी मारली, पोटऱ्या बघितल्या, सॅक हाताने तोलली आणि पार्टनरला विचारलं, "हा कुठल्या आउटफिटरचा?" म्हणजे पैसे घेऊन शिकारीला नेणाऱ्या कंपनीचा नोकर. मला नाही विचारलं, पार्टनरला! मी म्हटलं मी डेटाबेसचं काम करतो. आजोबा म्हणाले, "ते ठीक आहे, पण चालतोस छान." त्यांच्या नातवाला एल्कचा, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाचा, टॅग आहे, एल्कचा नर ३०० किलोच्या आसपास असतो, पोरगं एकटंच आहे, वगैरे वगैरे.

इथे मित्राने काय म्हणायला हवं होतं ते तुम्हीच सांगा. हा गृहस्थ म्हणाला, "पुढच्या वीकेंडला मोकळा आहे तो."

आणि नंबरही दिला. माझा.

गाडीत मी गप्प. तो म्हणे, "चेष्टा रं भावा, म्हातारं खूश झालं बघ." होईलच की. कोल्हापूरच्या बसस्टँडवरचा हमालसुद्धा रेट ठरवल्याशिवाय बोचकं उचलत नाही, आणि मी पेट्रोलची अर्धी वर्गणी दिली होती.

बरं, एवढं करून मटण खावं तर तेही नाही. इथल्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज आहे, मेंदूचा रोग, जनावर खंगत जातं, १९६७ मध्ये पहिल्यांदा ध्यानात आला तोही इथल्याच फोर्ट कॉलिन्सला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण टेस्ट पॉझिटिव्ह आली तर खाऊ नका म्हणतात. डोकं टेस्टिंगला दिलंय, रिपोर्ट यायचाय. आमच्या फ्रीजरमध्ये आईस्क्रीम काढून तंगडीचे तुकडे कोंबलेत आणि बायको रोज विचारते, हे फेकायचं का कुकरला लावायचं?

आजोबांचे दोन मेसेज येऊन गेले, दुसऱ्यात माझ्या बुटांचं माप विचारलंय. पार्टनरने शिंगांचे फोटो सगळ्या ग्रुपवर टाकले, तांबड्या रश्श्याच्या पार्टीची तारीखसुद्धा घोषित करून झाली, रस्सा माझ्या वाट्याच्या तंगडीचा. बॅकस्ट्रॅपचं अजून कोणी नावही काढलेलं नाही.